सेव्हियाचं कॅथेड्रल : मशिदीच्या जोत्यावरची गोष्ट

ओळंबा

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका टूर कंपनीबरोबर स्पेन 'केलं'. सेव्हियाच्या कॅथेड्रलला आमच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली. त्यातली दहा कोलंबसाच्या थडग्यापुढे फोटो काढण्यात गेली, पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत. बसमध्ये गाइडने विचारलं, कसं वाटलं? सगळे एका सुरात म्हणाले, "खूप मोठं!" मीही त्यांतलाच. हे मनाला लागून राहिलं. यंदा लेकीकडे माद्रिदला मुक्काम होता, तेव्हा उट्टं काढायचं ठरवलं. माद्रिदहून जलद गाडी अडीच तासांत सेव्हियाला पोचवते. दोन अख्खे दिवस ह्या एका इमारतीला दिले.

चाळीस वर्षं ड्राफ्ट्समनकीत गेली. कुठेही गेलो की माझी नजर आधी प्लॅनवर जाते, मग देवाकडे. युरोपातल्या गॉथिक चर्चचा प्लॅन बहुतेक वेळा क्रुसासारखा असतो. लांब दांडा, दोन बाजूंना हात आणि वेदीच्या मागे गोलाई. सेव्हियाचा प्लॅन पाहिला तर चक्क काडेपेटी! साधारण ११६ मीटर लांब आणि ७६ मीटर रुंद, सरळसोट आयत. इतक्या लांबीला इतकी रुंदी कुणी सहजासहजी देत नाही. गॉथिक बांधकामाचा सगळा कल लांब आणि उंच जाण्याकडे असतो, आणि हे बाई ऐसपैस मांडी घालून बसलंय.

कारण जोत्यात आहे. इथे आधी अल्मोहाद या मुसलमान राजवटीची जामा मशीद होती. खलिफा अबू याकूब युसुफने ११७२ मध्ये तिचं काम सुरू करवलं, स्थपती अहमद इब्न बासो. नमाजाच्या दालनात खांबांच्या रांगांनी पाडलेल्या १७ ओसऱ्या होत्या, साऱ्या उत्तर-दक्षिण, कारण इथल्या मशिदीची किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायच्या दिशेची, भिंत दक्षिणेला होती. १२४८ च्या नोव्हेंबरमध्ये कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो याने शहर घेतलं. मशीद पाडली नाही, तिचंच चर्च केलं. फक्त तोंड फिरवलं. ख्रिस्ती वेदी पूर्वेला हवी, म्हणून दक्षिणेकडे पाहणाऱ्या दालनात लोक पूर्वेकडे तोंड करून बसू लागले. मशिदीची रुंदी ती चर्चची लांबी झाली. असंच दीडशेहून जास्त वर्षं चाललं. भूकंपांनी इमारत खिळखिळी झाली, तेव्हा १४०१ मध्ये तिथल्या धर्मगुरूंच्या मंडळाने नवीन बांधायचा ठराव केला. "असं देऊळ बांधू, की पुरं झालेलं पाहणाऱ्यांनी आपल्याला वेड्यांत काढावं," असं तेव्हा कुणी तरी म्हणालं म्हणतात. ठरावात हे वाक्य नाही, ती दंतकथा. पण 'ज्याच्या तोडीचं दुसरं नाही असं' बांधायचं, एवढं ठरलं होतं.

जागा मात्र तीच, माप तेच. मशीद एका फटक्यात न पाडता तुकड्या-तुकड्याने उतरवत गेले. एका अंगाला पूजा चालू, दुसऱ्या अंगाला पाथरवटांची ठोकाठोक. ज्याने राहत्या वाड्याची दुरुस्ती काढलीय त्याला हे समजेल. प्रत्यक्ष काम १४३० च्या दशकात मार्गी लागलं आणि १५०६ मध्ये शेवटचा दगड बसला. त्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत मुख्य मेस्त्री किती तरी बदलले. रूआंहून आलेला कार्लिन, मग हुआन नॉर्मन, पुढे सिमोन दे कोलोनिया. कुणी फ्रान्सकडचा, कुणाचं घराणं जर्मनीकडचं. ह्या इमारतीवर एकट्याची सही नाही.

सेव्हियाच्या आसपास चांगला दगडही नाही. गाव नदीच्या गाळावर वसलंय. म्हणून अल्मोहादांनी विटा वापरल्या. ख्रिस्ती मंडळींना दगडच हवा होता. तो पुएर्तो दे सांता मारियाजवळच्या खाणींतून निघायचा आणि होड्यांवरून ग्वादालक्विव्हिर नदीने उलट वर यायचा. मऊ, वाळूमिश्रित चुनखडी. कोरायला सोपी, झिजायलाही सोपी.

आत गेल्यावर मधलं दालन ३६ मीटर उंच, म्हणजे बारा मजली इमारत आत उभी राहील. पण मला जे आवडलं ते वर होतं. छतावर जायचं वेगळं तिकीट मिळतं, ते काढाच. उत्तरेकडच्या गॉथिक चर्चवर बर्फ-पावसासाठी उतरतं लाकडी छप्पर असतं. इथे सरळ गच्ची! विटांची फरसबंदी केलेली, आपल्याकडे पापड-कुरडया वाळत घालायच्या असते तशी. आणि त्या फरसबंदीवर ओणवं होऊन पाहिलं तर रेघा दिसतात, टोकदार हत्याराने ओढलेल्या, कंसाच्या, कमानीच्या. मेस्त्र्यांनी कमानीचं पूर्ण मापाचं चित्र तिथेच जमिनीवर आखलं आणि त्यावर ठेवून दगड कापले. माझा सगळा जन्म ड्रॉइंग बोर्डावर गेला. मी तिथे गुडघ्यावर बसलो आणि बायकोने नेहमीचा सुस्कारा टाकला.

आता हिराल्दा. हा मशिदीचा मिनार, काम ११८४ मध्ये सुरू, ११९८ मध्ये पुरं. पायाशी कोपऱ्यातले दगड नीट पाहा, त्यांवर लॅटिन अक्षरं आहेत. रोमन काळातले कोरीव दगड पायात घातलेत. त्यावर अल्मोहादांच्या विटा, आणि विटांच्या नक्षीत शंकरपाळ्यांची जाळी. डोक्यावर एर्नान रुइस या स्थपतीने १५५८ ते १५६८ या काळात घंटाघर चढवलं, आणि त्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी पितळी रंगाची बाई. ती खरं तर काशाची आहे, हातात ढाल धरलेली. फिरते म्हणून 'हिराल्दा', स्पॅनिशमध्ये 'हिरार' म्हणजे फिरणे. पुढे हे नाव मनोऱ्यालाच चिकटलं, मग बाईला 'हिराल्दियो' म्हणू लागले. असा एकूण १०४ मीटरचा ऐवज, रोमन, मुसलमान आणि ख्रिस्ती हात एकावर एक.

चढायला पायऱ्या नाहीत! आतून चौकोनी वळणं घेत जाणारी ३५ चढणी आहेत, प्रत्येकीवर आकडा लावलेला. घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून अशी केली म्हणतात. दर वळणावर खिडकी. विसाव्या चढणीनंतर बाहेरचं गाव लहान व्हायला लागतं आणि डाव्या हाताच्या भिंतीला टेकायची सवय होते. लोकांच्या तळव्यांनी ती भिंत गुळगुळीत झालीय.

माझा मुद्दा एवढाच, की हे 'जगातलं सर्वांत मोठं गॉथिक कॅथेड्रल' म्हणून दाखवतात, पण त्याचं मोठेपण मशिदीने ठरवून दिलेलं आहे. बांधणाऱ्यांनी मशीद पुसली आणि तिचं माप तेवढं ठेवलं. चर्चा व्हावी. फोटो टाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

पागोळी

सुंदर लिहिलंय काका. पापड-कुरडयांची गच्ची, हाहा! फोटो कुठे तरी चढवून इथे दुवा द्या ना. आणि 'हे बाई ऐसपैस मांडी घालून बसलंय' यावर फिदा.

तिरपी_रेघ

आधी किरकोळ. 'सेव्हिया' कुठून आणलंत? मराठीत सेव्हिल रूढ आहे. आणि स्पॅनिश उच्चारच घ्यायचा तर 'सेबिया' लिहा, तिथे व आणि ब एकच.

आता मोठं. 'मशिदीने ठरवलं' हे जरा जास्त होतंय असं वाटतं. शहराच्या मध्यात मंडळाच्या ताब्यात जी जागा होती तिच्यावर त्यांनी बांधलं. मापं जुळतात म्हणजे 'ठरवून दिलं' असं नाही. त्यांना गोलाई हवी असती तर पूर्वेला वाढवता आलं असतं. नाही तरी पुढे वाढवलंच ना? तिथली राजघराण्याची चॅपेल गोल आहे.

ओळंबा

@तिरपी_रेघ, उच्चाराबद्दल दंडवत. लेकीला जावई 'सेबिया' शिकवतो, मला जमत नाही, म्हणून मधला मार्ग काढला.

राजचॅपेल गोल आहे हे बरोबर, पण ती १५५१ नंतरची, मार्तिन दे गाइन्साने सुरू केलेली. मुळात त्या जागी जुन्या राजांची चॅपेल मशिदीच्याच भागात होती आणि ती पाडायला राजाची परवानगी लागली. म्हणजे पूर्वेची भिंत आधीपासून अडलेली. दुसरं असं, की उत्तरेला मशिदीचं अंगण त्यांनी पाडलंच नाही. वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, हौदाचं ते अंगण आजही आहे, संत्र्यांच्या झाडांचं. मिनार होता तिथेच. अंगण आणि मनोरा ठेवायचा ठरला की मधल्या इमारतीला हलायला जागा उरते किती? नकाशा घेऊन बसा, पटेल.

पण 'ठरवून दिलं'पेक्षा 'आखून दिलं' म्हणायला हवं होतं. मान्य.

अर्धा_कप

लेख छान पण महत्त्वाचं राहिलं. हे सगळं अमेरिकेतून लुटून आणलेल्या सोन्यावर उभं आहे. गाइड लोक ते सांगत नाहीत. तिथल्या आदिवासींच्या रक्ताचा...

खडीसाखर_७

@अर्धा_कप, तारखा बघा की हो. कोलंबस निघाला १४९२ मध्ये आणि इमारत पुरी झाली १५०६ मध्ये. तोवर अमेरिकेतून असं काय घबाड आलं होतं? अमेरिकेच्या व्यापाराची कचेरी सेव्हियात आली तीच १५०३ मध्ये. गॉथिक सांगाडा धर्मगुरूंच्या जमिनींच्या उत्पन्नावर आणि दानांवर उभा राहिला, त्यांनी स्वतःच्या वाट्याचं उत्पन्नही त्यात घातलं.

मात्र तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. १५०६ नंतरचं जे आहे, म्हणजे मोठं वस्त्रागार, सभागृह, राजचॅपेल, हिराल्दाचं वरचं घंटाघर, ते सगळं अमेरिकेचा मक्ता सेव्हियाकडे होता त्या काळातलं. त्या वेळी गावात पैसा इतका होता की व्यापारी कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर सौदे करायचे आणि पाऊस आला की मालासकट आत शिरायचे. बाहेरून ते साखळ्या लावलेले खांब दिसतात ना, ती चर्चची हद्द. शेवटी ह्या कटकटीपायी शेजारी व्यापाऱ्यांसाठी वेगळी इमारत बांधावी लागली, हुआन दे एरेराच्या आराखड्यावर. तिच्यात १७८५ पासून स्पेनच्या सागरापारच्या वसाहतींची कागदपत्रं ठेवलीत. आज कॅथेड्रल, अल्काझार हा राजवाडा आणि तो दप्तरखाना तिन्ही मिळून युनेस्कोच्या यादीत, १९८७ पासून.

अर्धा_कप

तारखांचं मान्य. वेदीमागच्या त्या सोन्याच्या भिंतीचं काय मग?

ओळंबा

ती दोन्हीकडे आहे. पीटर डँकार्ट नावाच्या फ्लेमिश कारागिराने १४८२ मध्ये सुरू केली, म्हणजे कोलंबसाच्या आधी, आणि पुरी झाली १५६४ मध्ये. जाळीच्या आडून बघावं लागतं, म्हणून पहिल्या खेपेला मी नुसती 'सोनं आहे बरंच' म्हणून पुढे गेलो होतो. दुसऱ्यांदा शेजारी एक आजोबा दुर्बीण घेऊन बसले होते. खुणेनेच त्यांनी ती पुढे केली. एकेका चौकटीत येशूच्या चरित्रातला एकेक प्रसंग, आणि प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळा, जिथे नुसत्या डोळ्यांना नाकही दिसत नाही अशा उंचीवर. कोरणाऱ्याला माहीत असणार की हे खालून कुणाला दिसायचं नाही. त्यात सोन्याचा वर्ख किती अमेरिकेचा आणि किती आधीचा, ते खरवडून बघू देत नाहीत.

मांडवीकाठ

देव बरें करूं! ओळंबाबाब, आमच्या गोंयची आठवण झाली म्हणून लिहितो. ओल्ड गोव्याचं से कॅथेड्रल बघितलंत ना? 'से' म्हणजे आसन, बिशपचं आसन. तुमच्या 'कॅथेड्रल' शब्दाच्या पोटातही आसनच आहे. आमच्या 'से'ची लांबी सुमारे ७६ मीटर, म्हणजे तुमच्या सेव्हियाची नुसती रुंदी! तरी आम्ही त्यालाच अजस्र म्हणतो.

एक गंमत सांगतो. 'से'चं बांधकाम १५६२ ते १६१९. पण १५८० पासून साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, म्हणजे आमचं कॅथेड्रल बांधून झालं तेव्हा गोव्याचा धनी स्पेनचा तिसरा फिलिप. हिराल्दाचं घंटाघर झालं तेव्हा आमच्या भिंती नुकत्या वर येत होत्या. 'से'चा एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो परत बांधला नाही. एका कानाचं दिसतं ते त्यामुळे. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे, तिचा आवाज मी लहानपणापासून ऐकतोय.

खडीसाखर_७

घंटेवरून आठवलं. हाच तिसरा फर्नांदो, ज्याने सेव्हिया घेतलं, त्याने १२३६ मध्ये कोर्दोबा घेतलं होतं. तिथल्या मोठ्या मशिदीत उत्तर स्पेनमधल्या सान्तियागोच्या चर्चच्या घंटा होत्या. कोर्दोब्याचा मुसलमान सेनापती अल मन्सूर याने ९९७ मध्ये सान्तियागो लुटलं आणि घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोब्याला आणल्या, मशिदीत त्यांचे दिवे केले. फर्नांदोने त्या मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत सान्तियागोला पाठवल्या, असं इतिवृत्तं सांगतात.

आपल्याकडे चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर चर्चच्या घंटा देवळांत आल्या, मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराला. घंटा सगळ्यांनाच आवडते, आणि दुसऱ्याची असली की जास्तच.

नाक्यावरचा_पिंपळ

म्हणजे मशीद पाडून चर्च केलं तर 'वास्तुकला' आणि आमच्याकडे कुणी काही बोललं तर...

संपादक मंडळ

धागा स्पेनमधल्या इमारतीबद्दल आहे. विषयांतराचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. कृपया सहकार्य करावे.

पागोळी

मला त्या फर्नांदोच्या थडग्याबद्दल विचारायचं होतं. कुठे तरी ऐकलं की त्यावर चार भाषांत मजकूर आहे, खरं का?

तिरपी_रेघ

खरं आहे, लॅटिन, कास्तीलियन, अरबी आणि हिब्रू. मुलाने, दहाव्या अल्फोन्सोने लिहवून घेतला. मजा अशी की देशाचं नाव प्रत्येक मजकुरात वेगळं. लॅटिनमध्ये 'हिस्पानिया', कास्तीलियनमध्ये 'एस्पान्या', अरबीत 'अल अन्दलुस' आणि हिब्रूत 'सेफाराद'. ज्यांना हरवलं त्यांच्या भाषेत त्यांनी दिलेलं नाव, विजेत्याच्या थडग्यावर. पुढे १३९१ मध्ये ह्याच सेव्हियात ज्यूंची कत्तल झाली, आणि १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवलं. दगडावरचं हिब्रू मात्र राहिलं.

ह्याच अल्फोन्सोची ती आख्यायिका. शहर सोडताना मुसलमानांनी मिनार पाडायची परवानगी मागितली. शत्रूच्या हातात जाऊ नये म्हणून. राजपुत्र अल्फोन्सो म्हणाला, एक वीट जरी काढलीत तर एकाचीही गय करणार नाही. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण दोन्ही पक्षांचा जीव त्याच मनोऱ्यात अडकलेला.

डबल_बार_सळई

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. ओळंबा, तुम्ही ड्राफ्ट्समन असून पडझडीबद्दल एक ओळ नाही? १५०६ मध्ये शेवटचा दगड बसला, आणि २८ डिसेंबर १५११ ला मधला घुमटासारखा मनोरा कोसळला! मेस्त्री अलोन्सो रोद्रिगेसने झेपेल त्यापेक्षा उंच नेला होता. नंतर हुआन हिल दे ओन्तान्योनने त्या जागी बरंच खालचं, चांदणीच्या नक्षीचं छत घातलं.

ती जागा पुन्हा पडली १ ऑगस्ट १८८८ ला. डागडुजी चालू असतानाच मधल्या चौकातला एक खांब गेला, वरच्या कमानी खाली, ऑर्गन भुईसपाट. अशा इमारतीत खांबाचा बाहेरचा थर घडीव दगडाचा असतो आणि आत चुना-खडीची भर. वजन समान वाटलं जात नाही. बाहेरच्या मऊ दगडावर भार येत राहतो, शतकानुशतकं तो भुगा होत जातो आणि वरून काही कळत नाही. दुरुस्तीला हात लावला की नेमकं तेव्हाच बसतं. जुन्या वाड्यांच्या भिंती मी अशाच पडताना पाहिल्यात. चुन्याचा गिलावा शाबूत आणि आत नुसती माती.

ओळंबा

@डबल_बार_सळई, मुद्दाम ठेवलं होतं, कुणी तरी जाणकार येईल म्हणून. (खोटं. लांबण लागली म्हणून कापलं.)

तुमच्यासाठी एक गोष्ट. सेव्हियाच्या जुन्या कमानींच्या पाठीवर, म्हणजे छताच्या वाकलेल्या भागावर गच्ची सपाट करायला जी भर घालावी लागते, ती जड होऊ नये म्हणून तिथले गवंडी मडकी घालत. भट्टीत वाकडी झालेली, तडकलेली, कुंभाराने फेकलेली. समोर त्रियाना म्हणून कुंभारांची वस्तीच आहे नदीपलीकडे. पोकळ मडकं म्हणजे आयता हलका ब्लॉक. आपण ब्रिकबॅट कोबा घालतो तसाच प्रकार, फक्त डोकं जास्त.

डबल_बार_सळई

वा! हे माहीत नव्हतं. आजच्या पोकळ ब्लॉकच्या स्लॅबचे आजोबा म्हणायचे.

मांडवीकाठ

कुंभारावरून, सेव्हियाच्या राखणदार संतिणी दोघी बहिणी, हुस्ता आणि रुफिना, कुंभारणीच! चित्रांत त्यांच्या मधे हिराल्दा उभा असतो आणि पायाशी मडकी. १५०४ च्या भूकंपात त्या दोघींनी मनोरा दोन्ही बाजूंनी धरून ठेवला अशी श्रद्धा. सेव्हियाचा चित्रकार मुरियो याने त्यांचं चित्र काढलं, पुढे १८१७ मध्ये चित्रकार गोयाने खास ह्या कॅथेड्रलसाठी काढलं, ते आत आहे. आणि काका ज्या स्टेशनवर उतरले असतील त्याचं नाव सांता हुस्ता.

ओळंबा

अरे हो की! तिकिटावर वाचलं होतं, पण डोक्यात ट्यूब पेटली नाही.

पागोळी

मुरियो म्हटलं की चोरी सांगायलाच हवी. तिथल्या बाप्तिस्म्याच्या चॅपेलमध्ये त्याचं संत अँथनीचं भलंमोठं चित्र आहे, १६५६ चं. १८७४ मध्ये एक रात्र अशी उगवली की चोराने अख्खं चित्र नाही, नुसता संत कापून नेला! बाळ येशू वर ढगांत तसाच, खाली भोक. काही महिन्यांनी तो तुकडा न्यूयॉर्कमध्ये विकायला आला, तिथल्या कलाविक्रेत्याने ओळखला आणि परत पाठवला. आता जोडलाय. मी २०१९ मध्ये गेले होते तेव्हा बाजूने वाकून बघितलं की शिवण दिसते का. उजेड तिरका पडला की संताभोवती चौकट जाणवते. सुरक्षारक्षकाने हटकलं.

अर्धा_कप

कोलंबसाचं कुणी बोलतच नाही! तो खरंच आहे का तिथे?

तिरपी_रेघ

माणूस मेल्यावर जास्त फिरला. १५०६ मध्ये वाय्यादोलिदला वारला, मग सेव्हियात, मग कॅरिबियनमधलं सान्तो दोमिंगो, १७९५ मध्ये क्युबातलं हवाना, आणि क्युबा हातचं गेल्यावर १८९८-९९ मध्ये परत सेव्हियात. चार भालदार खांद्यावर शवपेटी घेऊन उभे आहेत ते शिल्प आर्तुरो मेलिदाने हवानासाठीच केलं होतं, तेही सोबत आलं. चौघे म्हणजे कास्तील, लेऑन, आरागॉन आणि नाव्हार ही राज्यं. एकाच्या भाल्याच्या टोकाखाली डाळिंब आहे. स्पॅनिशमध्ये डाळिंबाला 'ग्रानादा' म्हणतात. १४९२ मध्ये जिंकलेलं शेवटचं मुसलमानी राज्य, कोपरखळीसकट.

सान्तो दोमिंगोवाले म्हणतात १८७७ मध्ये आम्हाला शिशाची पेटी सापडली, खरा कोलंबस आमच्याकडे. ग्रानादा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये डीएनएच्या आधारे सेव्हियातली हाडं कोलंबसाचीच असं जाहीर केलं. पण हाडं मूठभरच आहेत, बाकीची तिकडे नसतील कशावरून? दोघांच्याही तिकीटखिडक्या चालू आहेत.

खडीसाखर_७

त्याच्या मुलाचं, एर्नान्दोचं थडगं मात्र तिथेच, जमिनीत, लोक त्यावरून चालत जातात. ह्याने आयुष्यभर पुस्तकं गोळा केली, हजारोंनी. त्या संग्रहातलं जे वाचलं ते कॅथेड्रलच्याच आवारात आहे. बापापेक्षा मला हा जवळचा.

नवखी_लाट

मी पहिल्यांदाच लिहितेय. पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन जातेय. बाबांचे गुडघे दुखतात, हिराल्दा झेपेल का? आणि ती मगर खरी आहे का? भाचा विचारतोय.

ओळंबा

@नवखी_लाट, स्वागत. हिराल्दा गुडघ्यांना सोपा, चढ सलग आणि मंद आहे. फक्त अगदी शेवटी १७ पायऱ्या लागतात. दर वळणावर खिडकीपाशी थांबा, मागच्याला जाऊ द्या. वर घंटा अगदी डोक्यावर आहेत, ठोका पडायच्या वेळी बाबांना आधी सांगून ठेवा. माझा हात कठड्यावरून सुटला होता. छताच्या सहलीला मात्र अरुंद गोल जिने आहेत, तिथे बाबांना नेऊ नका, अंगणात बसवा.

मगर त्या अंगणाच्याच कोपऱ्यात छताला टांगलीय. इजिप्तच्या सुलतानाने दहाव्या अल्फोन्सोच्या मुलीला मागणी घालताना नजराण्यांत जिवंत मगर पाठवली, अशी कथा. मुलगी काही दिली नाही. मगर मेल्यावर पेंढा भरून टांगली, ती किडल्यावर लाकडाची केली. भाच्याला सांगा, आता आहे ती लाकडी.

अंगणातून बाहेर पडताना 'क्षमेचं दार' लागेल. नालेच्या आकाराची कमान मशिदीचीच, आणि दारांच्या फळ्यांवरचे काशाचे पत्रे पण तिचेच, त्यावर कूफी लिपीत अरबी अक्षरं कोरलेली. कॅथेड्रलमधून बाहेर पडणारा प्रत्येक जण त्या अक्षरांना खेटून जातो आणि फोनमधला फोटो बघत असतो.

आणि झाडाखाली पडलेलं संत्रं चाखायचा मोह झाला तर आवरा. दिसायला नागपुरी, चवीला कडूजहर. इंग्रज लोक त्याचा मार्मलेड करतात, साखरेच्या गोणीबरोबर. आमच्या हिने चाखलं. मग तोंडातलं टाकायला जागा शोधत त्या वजूच्या कारंज्याभोवती दोन प्रदक्षिणा झाल्या.